कपाटावरची पाच पाकिटं

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं होतं. लोखंडी कपाट सरकवताना वरची सगळी पाकिटं अंगावर आली. तीच, मोठाली, कोपऱ्यात डायग्नोस्टिक सेंटरचं नाव छापलेली. आपल्या शहरात बहुतेक घरांत ती कपाटावर नाही तर गादीखाली असतात. टाकून द्यायची हिंमत होत नाही आणि उघडून कुणी बघतही नाही. बायको म्हणाली, "रद्दीत घालू का?" म्हणलं, थांब जरा. खाली बसलो आणि एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहिली.

पाच सीटी स्कॅन निघाले. एक मामांच्या डोक्याचा, एक माझ्या छातीचा, दोन माझ्या पोटाचे, एक आत्याचा. हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं की पाचातले दोन गरजेचे होते पण उशिरा झाले. दोन गरज नसताना झाले. आणि फक्त एकच योग्य माणसाचा, योग्य वेळेला झाला. पाचात एक! हा काही सर्वे नाही, एका घरातली गोष्ट आहे. पण तुमच्या कपाटावरची पाकिटं उघडून बघा, हिशोब फार वेगळा निघणार नाही असं मला वाटतं. म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी मशीनबद्दल थोडं सांगतो, कारण आपण "स्कॅन केलं" एवढंच म्हणतो आणि सोनोग्राफी, सीटी, एमआरआय सगळं एकाच पिशवीत टाकतो. मी डॉक्टर नाही. पण गेल्या काही वर्षांत दवाखान्याच्या बाकड्यांवर बसून जे विचारलं, वाचलं, ते साध्या भाषेत सांगतो.

साध्या एक्स-रेमध्ये शरीराच्या सगळ्या थरांची सावली एकावर एक पडते. पोळ्यांची चवड उजेडासमोर धरली तर मधल्या एखाद्या पोळीला भोक आहे का, ते कळत नाही, तसं. सीटीमध्ये एक्स-रेची नळी माणसाभोवती गोल फिरते, शेकडो बाजूंनी मोजमाप घेते आणि कॉम्प्युटर त्यावरून गणित करून एकेक पोळी वेगळी काढून दाखवतो. शरीराला सुरी न लावता चकत्या.

हे काम करणारा गॉडफ्रे हाऊन्सफील्ड हा इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, पेशानं इंजिनिअर. नोकरी ईएमआय कंपनीत, जी बीटल्सच्या गाण्यांच्या रेकॉर्डी काढायची तीच. आधी त्यानं खाटिकखान्यातून बैलांचे मेंदू आणून मशीन तपासलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्लीज हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा एका रुग्ण बाईच्या डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूत गाठ असल्याचा संशय होता, ती दिसली. तोवर जिवंत माणसाच्या कवटीच्या आतला मेंदू असा कुणी पाहिला नव्हता. याच गणितावर ॲलन कॉर्मॅक या मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या भौतिकशास्त्रज्ञानं आधी काम केलं होतं. १९७९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं. गंमत म्हणजे दोघांतला एकही डॉक्टर नव्हता.

तेव्हाचं मशीन फक्त डोक्याचं होतं. काही वर्षांतच सगळं अंग मावेल अशी मशीन आली. आज छाती-पोटाचा स्कॅन काही सेकंदांत होतो, एकदा श्वास रोखून धरला की बास. फिल्मवरच्या काळ्या-पांढऱ्या-करड्या रंगालाही मोजमाप आहे आणि त्याला हाऊन्सफील्डचंच नाव दिलंय. पाणी म्हणजे शून्य. हवा म्हणजे उणे १०००, एकदम काळी. चरबी उणे १००च्या आसपास. नुकतंच सांडलेलं, गोठत आलेलं रक्त अधिक ५० ते ८०च्या दरम्यान. हाड कित्येक शेकडा आणि त्याच्याही वर, पांढरंशुभ्र. हा रक्ताचा आकडा लक्षात ठेवा, पहिलं पाकीट त्याच्याशीच संबंधित आहे.

*पहिलं पाकीट: मामांचं डोकं, जानेवारी २०१९*

मामांचं गाव सोयगाव तालुक्यात. इथून शंभर किलोमीटरच्या वर. पहाटे सहाला गाईची धार काढताना हातातली बादली सुटली. उजवा हात लुळा, तोंड वाकडं. मामीला वाटलं थंडीनं झालं. गावातल्या डॉक्टरनं बीपी पाहिलं, सलाईन लावलं, "अशक्तपणा आहे, दुपारपर्यंत उतरंल" म्हणाला. दहा वाजता मामेभावाचा फोन आला, "दादा, बाबा बोलंनाच गेले." म्हणलं, असाल तसे निघा.

तेव्हा अजिंठ्याचा रस्ता खोदून ठेवलेला होता. ज्यांनी त्या काळात त्या रस्त्यानं प्रवास केलाय त्यांना वेगळं सांगायला नको. जीपमध्ये मामांना आडवं घेऊन ते लोक शहरात पोहोचले. पहिल्या रुग्णालयात मशीन बंद. दुसरीकडं गेलो. स्कॅन झाला तेव्हा दीड वाजून गेला होता.

डॉक्टर तरुण होते. फिल्म लावली आणि म्हणाले, "रक्तस्राव नाही. गुठळी आहे." मला बरं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "त्रास किती वाजता सुरू झाला?" सहा, म्हणलं. ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग सांगितलं, ते तसंच लिहितो. लकव्याचे दोन प्रकार. एकात रक्तवाहिनी फुटते, दुसऱ्यात गुठळीनं बंद होते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, तेच वाकडं तोंड, तोच लुळा हात. बीपी बघून, नाडी बघून सांगता येत नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते पहिल्या साडेचार तासांत द्यायचं. जितकं लवकर तितकं चांगलं. पण तेच इंजेक्शन रक्तस्राव असलेल्याला दिलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून आधी सीटी. सांडलेलं रक्त त्यात लगेच पांढरं दिसतं. पाच मिनिटांचं काम.

"साडेदहाच्या आत आले असते तर इंजेक्शन देता आलं असतं," एवढंच ते म्हणाले. काही निवडक रुग्णांमध्ये तारेनं गुठळी ओढून काढायचा उपचार नंतरही करता येतो, पण मामांच्या बाबतीत तो बसला नाही.

मामा वाचले. आज चालतात, काठी घेऊन. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. धार काढणं सुटलं, गाय विकली. मामी अजून म्हणते, "नशिबात होतं." मामी, नशीब नाही. सहा ते दीड, साडेसात तासांचा प्रश्न होता.

*दुसरं पाकीट: माझी छाती, एप्रिल २०२१*

हा महिना आठवला तरी घशाशी येतं. चिकलठाण्याचं मेल्ट्रॉन भरलेलं, घाटी भरलेली, बेडसाठी रात्रभर फोन. आणि गल्लीत एकच प्रश्न, "स्कोअर किती?" दहावीच्या पोरांना मार्क विचारावेत तसा. फुप्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला पाचपैकी गुण, एकूण २५. आजपर्यंत नापास व्हायला कुणी घाबरत नव्हतं एवढं लोक इथं पास व्हायला घाबरायचे.

मला ताप होता, खोकला होता, ऑक्सिजन ९८. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळ्या घ्या, घरीच थांबा, ऑक्सिजन मोजत राहा. पण शेजारचे एकजण आदल्या दिवशी गेले होते. राहवलं नाही. मी आपला आपण जाऊन एचआरसीटी काढून आलो. दोन तास रांगेत, तेही खोकणाऱ्या माणसांच्या मधोमध. स्कोअर आला ४. डॉक्टरांना कळवला. ते म्हणाले, "बरं. त्याच गोळ्या घ्या."

त्याच गोळ्या! म्हणजे स्कॅननं उपचारात काडीचा फरक पडला नाही. माझा ताप होता तेवढाच राहिला आणि रांगेत मी किती जणांना काय दिलं असेल ते देव जाणे.

३ मे २०२१ला एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी पत्रकार परिषदेत हेच सांगितलं की सौम्य आजारात सीटी काढू नका, काहीच त्रास नसलेल्यांच्याही फुप्फुसात चट्टे दिसतात आणि ते आपोआप जातात. एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० एक्स-रे असंही ते बोलले. त्यावर रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं आक्षेप घेतला की हा आकडा जुन्या मशीनचा आहे. मग खरं काय? सर्वसाधारणपणे सांगितले जाणारे आकडे असे: छातीचा एक एक्स-रे म्हणजे सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट. डोक्याचा सीटी सुमारे २. छातीचा सुमारे ६ ते ७, कमी मात्रेत काढला तर बराच कमी. पोटाचा ८ ते १०. आणि काहीही न करता, जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. म्हणजे एका स्कॅननं घाबरून जायचं कारण नाही. गरजेचा असेल तर बिनधास्त काढावा. पण मार्कशीट म्हणून काढायची ती वस्तू नाही.

त्या काळात एक चांगलं काम झालं, त्याची नोंद केली पाहिजे. सप्टेंबर २०२०मध्ये राज्य सरकारनं एचआरसीटीचे कमाल दर ठरवून दिले. १६ स्लाइसपेक्षा कमीच्या मशीनला २,०००, १६ ते ६४ला २,५००, ६४च्या वर ३,००० रुपये. त्याआधी वाटेल तसे दर लागत होते. याचा अर्थ सरकारनं मनावर घेतलं तर दर ठरतात, आणि सेंटरही बंद पडत नाहीत. हे विसरू नका, पुढं लागणार आहे.

*तिसरं आणि चौथं पाकीट: माझं पोट, मे २०२२*

ज्याला मूतखडा झालाय त्याला वर्णन नको आणि ज्याला झाला नाही त्याला सांगून कळत नाही. रात्री दोनला कमरेतून कळ निघाली ती जांघेपर्यंत. जमिनीवर लोळत होतो. आपल्याकडं सगळे बोअरच्या पाण्याला दोष देतात. डॉक्टर सांगतात, मराठवाड्याच्या उन्हात पाणी कमी पिणं हे मोठं कारण. असो.

आधी सोनोग्राफी झाली. किडनीला सूज दिसली, खडा दिसला नाही. मूत्रनळीच्या मधल्या भागातला खडा सोनोग्राफीत बऱ्याचदा निसटतो. मग साधा सीटी, कसलंही औषध न टोचता. पाच मिनिटांत उत्तर आलं: डावी मूत्रनळी, ४ मिलिमीटर. डॉक्टर म्हणाले, एवढा बहुतेक वेळा आपोआप पडतो, ऑपरेशनची गरज नाही, गोळ्या आणि पाणी. हा माझ्या पाचातला एकमेव योग्य स्कॅन. त्यानं निदान केलं आणि एक ऑपरेशन टाळलं.

आठ दिवसांनी गावाकडच्या एका लग्नात पुन्हा थोडी कळ आली म्हणून दुसऱ्या एका दवाखान्यात दाखवलं. पिशवीत आठ दिवसांपूर्वीचं पाकीट होतं, सीडी होती. डॉक्टरांनी पाकिटातून फिल्म बाहेरसुद्धा काढली नाही. "आमच्याकडचा लागेल," म्हणाले आणि चिठ्ठी लिहिली. कोणत्या सेंटरला जायचं तेही चिठ्ठीवर होतं. मी गेलो. दुखणाऱ्या माणसाच्या अंगात वाद घालायची ताकद नसते. उत्तर आलं: डावी मूत्रनळी, ४ मिलिमीटर, दोन बोटं खाली सरकलेला. तिसऱ्या दिवशी पडला.

आता त्या चिठ्ठीत काय होतं ते मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून आरोपही करत नाही. पण सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट बोलायची पण नाही का? रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन देणं-घेणं हे डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत स्पष्ट निषिद्ध आहे. २०१७मध्ये आपल्या राज्यानं कट प्रॅक्टिस रोखायला वेगळ्या कायद्याचा मसुदाही तयार केला. पण मसुद्याच्या पुढं ते गेलं नाही. याचा त्रास प्रामाणिक डॉक्टरांनाही होतो बरं का. त्यांनी खरोखर गरजेचा स्कॅन सांगितला तरी नातेवाईक संशयानं बघतात. मी दोन्ही प्रकारचे डॉक्टर पाहिलेत.

*पाचवं पाकीट: आत्या, ऑगस्ट २०२२*

हे पाकीट मी उघडलं आणि लगेच बंद केलं. पण लिहायला बसलोय तर लिहितो.

आत्या भोकरदन तालुक्यातली. सात-आठ महिने पोट दुखायचं, भूक नाही, वजन उतरलेलं, रक्त कमी. तालुक्याला दाखवायची, पित्ताच्या गोळ्या, रक्तवाढीच्या गोळ्या. मधे एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, "एकदा सीटी करून घ्या, औषध टोचून." खर्च किती? सगळं धरून साडेसात हजार. आत्यानं घरी येऊन कुणालाच सांगितलं नाही. सोयाबीन निघाल्यावर बघू, असं मनाशी ठरवलं. हे आम्हाला नंतर कळलं.

ऑगस्टमध्ये उलट्या थांबेनात तेव्हा शहरात आणली. आधी क्रिएटिनिन तपासलं, कारण टोचायचं ते आयोडीनचं औषध किडनीवाटे बाहेर पडतं आणि किडनी कमजोर असली तर जपावं लागतं. मग स्कॅन. औषध शिरेत गेलं की अंग एकदम गरम होतं आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. आत्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं, बिचारी बाहेर येऊन लाजेनं पदर सावरत होती. या औषधानं रक्तवाहिन्या आणि अवयव उठून दिसतात. मोठ्या आतड्यात गाठ दिसली. आणि यकृतात ठिपके. डॉक्टरांनी ठिपके म्हणाले तेव्हाच मला समजलं. पुढं दुर्बिणीनं तुकडा काढून पक्कं निदान झालं.

त्यानंतरचे उपचार आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात झाले. २०१२पासून ते रुग्णालय मराठवाड्याचा आधार आहे. तिथल्या लोकांनी आत्याला माणसासारखं वागवलं, हे मुद्दाम लिहितो. पण आजार यकृतापर्यंत गेला होता. पुढच्या वर्षी आखाडात आत्या गेली.

आता मुद्दा ऐका. आत्याकडं योजनेचं कार्ड होतं. स्कॅनच्या आधी मी विचारलं, "हे योजनेत बसतं का?" उत्तर आलं, "निदान झालं, भरती झालात की बसेल." म्हणजे कॅन्सर आहे हे सिद्ध करायचा खर्च आपण करायचा, मग सरकार उपचाराचा करणार. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आज कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि त्यानं हजारो जीव वाचलेत, त्याबद्दल वाद नाही. पण ती योजना भरती झालेल्या रुग्णाच्या ठरलेल्या उपचारांभोवती बांधलेली आहे. ओपीडीत, संशयाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसासाठी तिच्यात जागा नाही. आणि आमची आत्या नेमकी त्याच पायरीवर सात महिने उभी होती. साडेसात हजारांसाठी.

*मग करायचं काय?*

हे सगळं फक्त "डॉक्टर लुटतात" म्हणून संपवायचं असतं तर एवढं लिहिलं नसतं. आपल्याकडं मशीन कमी आहेत असंही नाही. जालना रोडनं सिडकोपर्यंत जा, पाट्या मोजा. प्रश्न असा आहे की ज्याच्या खिशात पैसे आणि मनात भीती आहे त्याचा स्कॅन दोनदा होतो आणि सोयगाव-भोकरदनच्या माणसाचा वेळेवर होत नाही. माझे दोन फालतू स्कॅन आणि मामा-आत्याचे दोन उशिराचे, यामागं कारण एकच. स्कॅन कुणाचा व्हावा हे आजार ठरवत नाही, पैसा आणि अंतर ठरवतं.

म्हणून आपल्या आमदार-खासदारांना, पालकमंत्र्यांना विचारायचे चार प्रश्न मांडतो.

एक. केंद्राच्या मोफत निदान सेवेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जिल्हा रुग्णालयात सीटीची सोय धरलेली आहे. पण आपला जिल्हा केवढा पसरलाय! लकव्याच्या साडेचार तासांत सोयगाव, कन्नड, वैजापूर कसं बसवायचं? तालुक्याच्या मोठ्या रुग्णालयांत मशीन, रात्रपाळीचा तंत्रज्ञ आणि शहरातून ऑनलाइन फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट, एवढं जमलं तरी इंजेक्शन तिथंच देता येईल. नुसतं मशीन नको. उद्घाटनाची फीत कापलेली आणि तंत्रज्ञ नसलेली मशीन आपण पुष्कळ पाहिलीत.

दोन. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगला निर्णय. पण वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्या निर्णयात धरली नव्हती. आपली घाटी त्याच विभागाची. १९५६पासूनचं कॉलेज, आणि अख्ख्या मराठवाड्याचा, शिवाय बुलढाणा-जळगावपर्यंतचा सगळ्यात अवघड रुग्ण शेवटी तिथंच येतो. हलक्या आजाराला मोफत आणि भारी आजाराला पावती, हा कुठला न्याय? निदान तपासण्या तरी सगळीकडं सारख्या करा.

तीन. संशयित कॅन्सर, लकवा, डोक्याला मार, या तीन गोष्टींसाठी भरतीच्या आधीचा सीटी योजनेत घ्या. दर तुम्हीच ठरवा. करोनात ठरवलेच होते की.

चार. प्रत्येक सरकारी मशीन महिन्यात किती दिवस चालू आणि किती दिवस बंद, हे दारावर लिहा. एक फळा आणि खडू लागतो त्याला. मामांना घेऊन पहिल्या दारात आमचा जो वेळ गेला, तो तरी वाचेल.

*आणि आपण काय करायचं?*

तातडीच्या वेळी काही विचारत बसू नका. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा आणि सरळ सीटी असलेल्या रुग्णालयात जा. आधी फोन करून विचारा, मशीन चालू आहे का. तसंच गाडीवरून पडून डोक्याला मार, उलटी, बेशुद्धी. "झोपलाय, झोपू द्या" म्हणू नका.

तातडी नसेल तर डॉक्टरांना नम्रपणे तीन गोष्टी विचारा. या स्कॅनमुळं माझ्या उपचारात काय बदलणार? सोनोग्राफी, एमआरआय किंवा थोडं थांबून चालेल का? जुना स्कॅन आहे, तो आधी बघता का? चांगला डॉक्टर या प्रश्नांना रागावत नाही. गरोदरपण, किडनीचा त्रास, शुगरच्या गोळ्या, आधीची ॲलर्जी, हे न विचारता सांगा. फिल्म, सीडी, रिपोर्ट तुमचे आहेत, मागून घ्या. डॉक्टरकडं कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यायची, असं त्याच २००२च्या नियमांत आहे. आणि काही त्रास नसताना "फुल बॉडी पॅकेज"च्या बॅनरला भुलून सीटी काढू नका. त्यात काहीतरी ठिपका सापडतोच आणि मग त्या ठिपक्यामागं वर्ष जातं.

शेवटी सहाव्या पाकिटाबद्दल. ते आमच्या कपाटावर नाही.

मागच्या उन्हाळ्यात ताईची सहा वर्षांची मुलगी झोक्यावरून पडली. कपाळाला टेंगूळ, रडारड. आम्ही तिला घेऊन पळालो आणि मीच आधी म्हणलं, "डॉक्टर, सीटी करा, पैशाचं बघू नका." बालरोगतज्ज्ञ बाईंनी पोरीशी गप्पा मारल्या, डोळे पाहिले, चालायला लावलं, किती उंचीवरून पडली, शुद्ध गेली का, उलटी झाली का, विचारलं. मग म्हणाल्या, "नको. चार तास इथं बसा, मी बघते." अमेरिकेत बेचाळीस हजारांहून जास्त मुलांवर अभ्यास करून २००९मध्ये नियम काढलेत, कोणत्या मुलाला स्कॅन लागतो आणि कोणत्याला नाही, ते त्यांनी मला समजावलं. लहान मुलांना किरणांचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त, म्हणून उगाच नको. चार तास पोरगी वेटिंग रूममध्ये चित्रं काढत बसली. त्या दर अर्ध्या तासानं येऊन बघून जायच्या. फी घेतली फक्त तपासणीची.

स्कॅन लिहून देणं त्यांना सोपं होतं. मी तर पैसे हातात घेऊनच उभा होतो. चार तास लक्ष ठेवणं अवघड. अशा डॉक्टर आपल्या शहरात आहेत, हेही लिहिलं पाहिजे.

पाकिटं मी रद्दीत घातली नाहीत. प्रत्येकावर नाव आणि तारीख लिहून परत कपाटावर ठेवलीत. तुमच्या घरातली एकदा खाली काढा. किती वेळेवर झाले, किती उशिरा, किती उगाच, हिशोब करा आणि खाली कमेंटमध्ये लिहा. दवाखान्याचं, डॉक्टरचं नाव लिहू नका, फक्त गाव, किती तास लागले आणि किती पैसे लागले एवढं लिहा. पुरेसे जमले तर त्याची यादी करून मी स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देणार आहे. सोबत कोण येतंय तेही सांगा.